कोपऱ्यातला घास

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार

आणि वर मलाच म्हणते, तू घाई करून राहिलास! घाई मी करतो का थंडी करते? तिकडं भोपाळात बाबू लोक उघड्या फरशीवर झोपतायत, ठेकेदार पंधरा डिसेंबरला माल मागतो, आणि आमच्या आत्याबाई म्हणतात, सोमवारी नवी गोधडी मांडत नाहीत. बरं, नका मांडू. अमावास्येला सुई धरत नाहीत. नका धरू. जिनं मांडली तिनंच पुरी करायची. घरी नेऊन एकटीनं शिवायची नाही, सगळ्यांनी दुपारी एका जागी बसायचं, आणि चहा झाला की उठायचं. मग शिवता कधी? तर म्हणे, "बोलता बोलता होतं."

मी म्हटलं, पेठेत, खासगी बाजारात, मशीनवाला शिंपी बसलाय, तो एका दिवसात चार टाकतो.

"मग त्याच्याकडंच जा," आत्या म्हणाली. "रात्री जेवायला पण तोच वाढेल."

हे सगळं लिहून ठेवतो, कारण माल चुकला तर बोल मलाच लागणार. ही डायरी गिरणीतल्या बाबूनं दिली. गेल्या सालची आहे, वार जुळत नाहीत, म्हणून मी वार खोडून नवे लिहितो. या गावाचं पण तसंच झालंय. आधी शिंद्यांचं संस्थान होतं, ते खोडून मध्य भारत लिहिलं, आता या महिन्याच्या पहिल्या तारखेला तेही खोडलं आणि मध्य प्रदेश लिहिलं. राजधानी भोपाळ. कचेऱ्या चालल्या, कपाटं चालली, बाबू चालले.

माझं काय जातं? मी साताऱ्याकडचा. चौथीत शाळा सुटली, तीन वर्षांपूर्वी इथं आलो, गिरणीत घडी खात्यात कापडाच्या घड्या मोडतो आणि घालतो. राहतो आत्याकडं, शिंदे की छावनीत. दिवसभर घड्या घालून माणसाचीच घडी होते. म्हणून तर हे काम धरलं. बाबूंच्या बिछान्यांचा ठेका दौलतसिंहला मिळालाय. मीच त्याला म्हटलं, रजईपेक्षा गोधडी स्वस्त, माझ्या आत्याचं गोधडी मंडळ आहे, वीस देतो. माल चोख गेला तर तो मला भोपाळला मुकादम म्हणून नेणार आहे. आणि माझ्या वाट्यातले पंचाहत्तर रुपये बहिणीच्या, लीलाच्या लग्नाला पाठवीन असं मी आईला कबूल करून बसलोय. माघात लग्न आहे.

१४ नोव्हेंबर, बुधवार

मंडळाला पण पैसा पाहिजेच आहे, आणि तरी ही तऱ्हा! फौजी घरांच्या लाइनीच्या टोकाला मंडळाची ती लांब खोली आहे, पूर्वी फौजेचे तंबू ठेवायचे तिथं. संस्थानात फुकट वापरायला दिलेली. आता नव्या सरकारचा माणूस येऊन सांगून गेला की वर्ष संपेपर्यंत सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरा, नाहीतर कुलूप. एवढ्यासाठीच बायका तयार झाल्या. नाहीतर या मंडळानं आजवर एक गोधडी विकलेली नाही. छावणीतल्या नव्या नवरीला द्यायची, बाळंतिणीला द्यायची. चाळीस वर्षं नुसती देतच आल्यात.

आज मी आत्याला विचारलं, बाकी नेम एक वेळ समजले, पण कोपऱ्यात पोळीचा तुकडा कशाला? यांची रीत अशी की सगळीकडून धावदोरा झाला, कडेची पट्टी लागली, तरी एक कोपरा उघडा ठेवतात. त्यात पोळीचा घास घालतात, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतात, मग शिवतात. ही पोळी पण आज नाही म्हणे, कारण आज कुणाचा तरी उपास. म्हणजे दोन गोधड्या पोळीवाचून अडल्या!

आत्या म्हणाली, "बस. सांगते."

पहिल्या मोठ्या लढाईत छावणीतले पुरुष दर्यापार गेले. मामा पण गेले. मामा म्हणजे संभाजीराव, आत्याचे यजमान, तेव्हा विशीतले. आत्या नवी नवरी. माणसांची खबर महिनोन्‌महिने नाही. तेव्हा आत्याच्या सासूनं लाइनीतल्या बायका गोळा केल्या. घरी बसून रडण्यापेक्षा एका ठिकाणी बसून शिवा म्हणाली. ज्याच्या त्याच्या घरातली फाटकी वर्दी, लुगडं, मुलाचं अंगडं, सगळ्यांचा एकेक तुकडा. आणि लांब गेलेला माणूस उपाशी राहू नये म्हणून कोपऱ्यात त्याच्या नावाचा घास.

"आणि सगळे परत आले?" मी विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली, आणि उठून चुलीकडं गेली.

मी मागनं ओरडून विचारलं, आता लढाई नाही, काही नाही, आता कुणाचं नाव घेता? तर म्हणे, "लांब गेलेले काय फक्त लढाईतच असतात?" असं कोड्यात बोलतात आणि काम पडून राहतं.

१९ नोव्हेंबर, सोमवार

दौलतसिंह आज माल बघायला आला. सहाच पुऱ्या. त्यानं एकेक उचलून उजेडात धरली.

"अरे मधु, ये क्या? हर एक अलग! कुठं लाल, कुठं हिरवी, ये तो किसी की धोती है. सरकारी माल एकसारखा पाहिजे, भाई."

मी म्हटलं, गिरणीतून खाकी तागा सवलतीत आणतो, वरचा थर सगळ्यांना एकच लावू. लगेच गेलो, आणला, खोलीत नेऊन टाकला. बायकांनी त्याच्याकडं असं बघितलं जसं मी मेलेलं जनावर आणलंय. शालिनीताई मंडळाच्या चिटणीस. त्यांचे यजमान श्रीपादराव हिशेब कचेरीत होते, ते आधीच भोपाळला गेले. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "मधु, कापड चांगलं आहे. पण हे कुणाचं आहे?"

"गिरणीचं."

"म्हणजे कुणाचंच नाही."

शेवटी अस्तर खाकी आणि वरून तुकड्यांची, असं ठरलं. दौलतसिंह म्हणाला चलेगा, पण दर थोडा उतरवला. माझा वाटा गेला त्यात!

सगळ्यात राग दुर्गाचा येतो. शेजारच्या घरची पोरगी, मंडळात तिच्याइतका भरभर हात कुणाचा नाही. बाकीच्यांची एकेक पुरी झाली, ही पहिल्याच गोधडीवर बसलीय. टाके बघा तर मुंगीएवढे. मी म्हटलं, एवढे बारीक टाके भोपाळच्या बाबूंना कशाला?

"गिरणीवाले," ती म्हणाली (मला नावानं हाक मारत नाही), "तुमच्या गावाकडं नवरीला कुठला रंग चालत नाही हो?"

कुठला विषय, कुठलं काम! मी सांगितलं, काळा चालत नाही, बाकी सगळं चालतं, आणि हात चालव. तिनं लगेच एक काळी चिंधी उसवून काढली. म्हणजे आणखी उशीर. मग विचारते, "भोपाळला नक्की जाणार का?" रोज हेच विचारते. मी रोज हो म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी तिची गोधडी तिथंच.

२ डिसेंबर, रविवार

पंधरा झाल्या. दुर्गाची धरली तर सोळा, पण ती धरायची कशी?

आज शालिनीताईंचा निरोप. सामान बांधून झालं, पहाटेच्या गाडीनं निघाल्या. काल दुपारी त्यांची शेवटची गोधडी पुरी झाली. खरं तर चार दिवस आधीच व्हायची, पण बायका रोज काहीतरी काढायच्या. हा टाका सैल आहे, ही पट्टी वाकडी आहे, उसव. मी दारात उभा राहून बघत होतो, टाका सरळ होता! मी बोललो, तरी उसवलाच. काल कोपरा शिवताना शालिनीताईंनी घास घातला, आणि सगळ्याच बायका पुटपुटल्या, नुसती शिवणारी नाही. असं पहिल्यांदा बघितलं.

आत्या संध्याकाळी जेवली नाही. मामा म्हणाले, "अरे, पलटण से एक आदमी कम होता है तो पूरी लाइन छोटी दिखती है." मामांना हिंदी सुटली की समजावं, मन ठिकाणावर नाही. दुपारी ते झोपतात तेव्हा त्यांच्या अंगावर लढाईच्या दिवसांतली जुनी गोधडी असते. झोपेत तिचा एक कोपरा अंगठ्यानं दाबत असतात, लहान पोरासारखं. म्हातारपण, दुसरं काय.

पंधरा गोधड्या ठेल्यावर घालून खासगी बाजारातल्या दौलतसिंहच्या गोदामात टाकून आलो. शेजारी धान्याचं दुकान आहे, जागा कोरडी आहे. खांद्यावरचं ओझं उतरलं.

९ डिसेंबर, रविवार

सत्यानाश.

दौलतसिंहनं सकाळीच माणूस पाठवून बोलावलं. गेलो तर गोधड्या अंगणात पसरलेल्या. प्रत्येकीचा एकच कोपरा कुरतडलेला. बाकी तीन कोपरे धड, मधला भाग धड, एकच कोपरा फस्त. शेजारच्या दुकानात गव्हाची पोती पडलीयत, त्यांना उंदरांनी तोंड लावलं नाही, भिंत पोखरून इकडं आले.

"मधु, ये बता," तो म्हणाला, "इनमें रोटी किसने सिली?"

काय सांगणार? मी सांगितलं, रिवाज आहे.

"रिवाज?" तो खाली बसला. "भाई, मैं राजपूत आदमी हूं, हमारे यहां भी सौ रिवाज हैं. लेकिन बिस्तर को खाना कोई नहीं खिलाता!"

त्याचे दोन हमाल हसत होते. पंधरा तारखेला धड माल आला तर ठीक, नाहीतर रजया घेईन म्हणाला. भर बाजारातून ठेला परत ढकलत आणला. एक जण विचारतो, क्या भैया, चूहों की बारात में गए थे?

खोलीत सगळ्यांपुढं ढीग टाकला. म्हटलं, बघा तुमचा घास! कोण उपाशी राहिलं आणि कोण जेवलं!

आधी आत्याच हसायला लागली. पदर तोंडावर धरून, पण खांदे हलत होते. मग सगळ्या हसल्या. मामा दारातून आत्याला म्हणाले, "दुश्मन रसद खा गया, विजयाबाई!" आणि आणखी हशा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. खोली जाणार, माझं भोपाळ जाणार, लीलाच्या लग्नाला पैसे नाहीत, आणि या हसतायत.

मी म्हटलं, ठीक आहे. नवे कोपरे लावा, पण या वेळी घास नाही. नुसतं शिवा.

आत्याचं हसू थांबलं. "ते होणार नाही."

"आत्या, उंदीर..."

"उंदरांची व्यवस्था तू कर. गोधडीची आम्ही करतो. रिकाम्या पोटाची गोधडी या खोलीतून जाणार नाही."

"मग खोलीच जाईल!"

"जाऊ दे. अंगणात बसू."

मी म्हटलं, तुम्हाला खोली पण नको आणि माझं भलं पण नको. तीन वर्षं तुमच्या घरी राहतो ते तुमच्या नेमांखाली चिरडून मरायला नाही. असं बोललो. दुर्गा माझ्याकडं बघत होती, सुई तशीच हातात.

१३ डिसेंबर, गुरुवार

कोपऱ्यांना त्यांनी तुकडे लावले. प्रत्येकीचा एक कोपरा घासासाठी उघडा ठेवलाय, उद्या सगळ्या मिळून भरणार आणि शिवणार. उद्या! परवा माल द्यायचा आणि यांची पंगत उद्या. आणि घास पडला, गोदामात एक रात्र गेली, की पुन्हा तेच.

मी आज गिरणीत रजा टाकली. बायका चहा पिऊन घरी गेल्यावर ठेला आणला आणि पंधराच्या पंधरा उचलल्या. खासगी बाजारात मशीनवाल्याकडं. त्यानं कोपरे घातले, फर्र फर्र. संध्याकाळच्या आत काम खलास. बिनघासाचे. दौलतसिंहला लगेच माल दिला, त्यानं गाडीत चढवला पण.

बरोबर केलं. कुणीतरी करायलाच पाहिजे होतं.

१४ डिसेंबर, शुक्रवार

आत्या पोळ्या घेऊन खोलीत गेली आणि रिकामी खोली बघून परत आली. मला वाटलं होतं ओरडेल, मी उत्तरं तयार ठेवली होती. रात्री ताटात पोळ्या वाढल्या, भाजी वाढली, तूप पण वाढलं.

बाकीच्या गोधड्यांचं काम बंद. वीस व्हायच्या त्या पंधरावरच राहिल्या. दुर्गा मात्र तिच्या त्या एका गोधडीवर अजून बसतेच. आता कुणासाठी शिवते देव जाणे.

२३ डिसेंबर, रविवार

श्रीपादराव उरलेलं सामान न्यायला भोपाळहून आले. सरळ आत्याकडं आले. मी ओट्यावर होतो, आत सरकायला जागा नव्हती.

"विजयाबाई, गंमत ऐका," ते म्हणाले. "आमच्या वसाहतीत सरकारी गोधड्या वाटल्या. एक माझ्या वाट्याला आली. हिनं हातात घेतली आणि म्हणाली, ही आपल्या छावणीची. मग कोपरा दाबला. म्हणाली, रिकामी आहे."

आत्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मी खांबाकडं बघत होतो.

"त्याच रात्री कोपरा उसवला आणि पोळी घातली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाबूची मागितली, त्याची बायको विचारायला आली हे काय चाललंय, ती पण बसली. आता आमच्या व्हरांड्यात रोज दुपारी पाच-सहा जणी असतात. एक इंदूरची, एक रायपूरकडची, एकीला तर मराठी येत नाही. चौदा जमल्या म्हणे, एक तेवढी सापडत नाही. कुणी मुख्य बाबू घेऊन दौऱ्यावर गेलाय."

"सापडेल," आत्या म्हणाली. "त्याला सांगा, परत आला की आधी कोपरा आणून दे." मग विचारलं, "आणि नाव कुणाचं घेते?"

"तुमचंच की. विजयाबाई, दुर्गा, सगळ्यांची. म्हणते, आता लांब तुम्ही."

आत्या चहा करायला आत गेली, आणि कितीतरी वेळ चहाच येईना.

मला समजत नाही. मशीननं पक्का घातलेला टाका उसवला, फुकट मेहनत! आणि तिकडं उंदीर नाहीत का? पण श्रीपादराव जाताना माझा खांदा थोपटून म्हणाले, "मधु, तुझ्यामुळं हिला तिथं करमायला लागलं." टोमणा मारला का काय, तोंडावरून कळलं नाही.

२९ डिसेंबर, शनिवार

दौलतसिंहनं हिशेब केला. पंधराचेच पैसे, त्यात ठेला, शिंपी, उतरवलेला दर. मंडळाचा वाटा आत्याच्या हातात ठेवला. सहा महिन्यांच्या भाड्याला तो पुरत नाही. कमीच पडतो, आणि बरंच कमी.

आत्या म्हणाली, "असू दे. परवा सुया-दोरे इकडं घेऊन येऊ." मामा उठले आणि अंगणातली मातीची कुंडी एका बाजूला सरकवायला लागले, बायकांना बसायला जागा व्हावी म्हणून. वाकता येत नाही त्यांना, तरी. मी म्हटलं, मामा, ठेवा, मी करतो. पण ती कुंडी मी पण सरकवली नाही.

दौलतसिंह म्हणतो, परवाच्या गाडीनं मी निघतोय, येतोस का? म्हटलं, सांगतो.

३१ डिसेंबर, सोमवार

सरकारचा माणूस कुलूप घेऊन आला होता. त्याला पावती फाडायला लावली. आत्याच्या पैशांत माझे घातले. मी काही दानशूर वगैरे नाही. उद्या दुसरा ठेका मिळाला तर बायकांना बसायला जागा पाहिजे, अंगणात माल मळतो. धंद्याची गोष्ट आहे ही. आत्याला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "हो, धंद्याचीच," आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी काय लहान आहे?

दौलतसिंहला सांगितलं, थंडी फार आहे, होळीनंतर बघू. तो म्हणाला, होळीनंतर मुकादम दुसरा असेल. असेल तर असेल. तिथं पण घड्याच घालायच्या असतील.

४ जानेवारी १९५७, शुक्रवार

आज खोलीत बोलावलं. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर काढणार माझी. तर मध्ये दुर्गाची ती गोधडी पसरलेली. पुरी झालेली, एक कोपरा सोडून. लाल, पिवळी, मामांच्या वर्दीची खाकी, आत्याच्या हिरव्या लुगड्याचा काठ, शालिनीताईंच्या साडीचा तुकडा. मध्ये मी आणलेल्या गिरणीच्या ताग्याचा चौकोन. काळं कुठंच नाही.

आत्या म्हणाली, "लीलाची. छावणीच्या नवरीला देतो ना आम्ही? माझी भाची आहे, छावणीचीच झाली."

म्हणजे ही त्या विसांतली कधी नव्हतीच! आणि मी महिनाभर तिच्यावर ओरडतोय, मोजतोय, पंधरा का सोळा म्हणतोय. मी दुर्गाला म्हटलं, मग आधी सांगायचं ना!

"सांगितलं असतं तर तुम्ही ही पण मशीनवाल्याकडं नेली असती," ती म्हणाली. सगळ्या हसल्या. या वेळी राग आला नाही, म्हणजे आला, पण थोडा.

मग तिनं पोळीचा तुकडा घेतला, कोपऱ्यात घातला आणि पुटपुटली. मी विचारलं, कुणाचं नाव घेतलंस? लीला तर अजून कुठं लांब गेली नाही.

"लांबून आलेला पण लांबचाच असतो, गिरणीवाले," ती म्हणाली, आणि दोरा दातानं तोडला. आत्या दुसरीकडं बघत होती. इथल्या बायकांना सरळ बोलता येत नाही, हे मी तीन वर्षं सांगतोय.

गोधडीचं बोचकं बांधलं, कडुलिंबाचा पाला घातला आत, कोपऱ्याभोवती जास्त. पोस्टात आईला चार ओळी लिहिल्या. गोधडी आत्याच्या मंडळानं दिलीय, लीलाला सांग उजवा कोपरा उसवायचा नाही, धुताना पण जपायचं, आणि उंदरांपासून लांब, उतरंडीजवळ ठेवू नका. तो कोपरा अंगठ्यानं दाबून बघ, कळेल. लग्नाला येतो का नाही ते नंतर लिहीन. पैशांचं काय झालं ते कागदावर सांगता येत नाही, आल्यावर सांगीन. पंचाहत्तर कबूल केले होते.

मनिऑर्डर केली, सतरा रुपये.